बटण कुठे बघतं

१

बटण आमच्याकडे आलं ते वाचनालयातून. माझी बायको जिथे ग्रंथपाल आहे, त्या वाचनालयाच्या दाराबाहेर एक लोखंडी पेटी आहे. वाचनालय बंद असताना पुस्तक परत करायचं असेल तर ते त्या पेटीत टाकायचं. एका सकाळी तिने पेटी उघडली तर चार कादंबऱ्यांवर एक पिल्लू अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं होतं. पुस्तकं मुदतीत परत आली होती. पिल्लाची मात्र कुठेच नोंद नव्हती. तिने ते स्वेटरमध्ये गुंडाळून घरी आणलं आणि माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर, अगदी ताज्या नकाशावर, ठेवलं. नाक काळं, गोल, चकचकीत. म्हणून बटण.

मी मोजणीदार आहे. जमिनी मोजतो, नकाशे काढतो, दोन शेजाऱ्यांमधली हद्द कुठून जाते ते सांगतो आणि दोघांचीही बोलणी खातो. गेल्या वर्षापासून बाहेरची कामं कमी केली आहेत, कारण बाबा. आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग आहे. डाव्या हाताची दोन बोटं अधूनमधून हलतात, डोळे क्वचित उघडतात. त्याच खोलीत दुसऱ्या खिडकीशी माझं टेबल. मी रेघा मारतो, ते श्वास घेतात. दुपारी आमच्या घरात एवढेच दोन आवाज असायचे.

बटण आल्यावर तिसरा आला, घोरण्याचा. एवढ्याशा जिवाने इतकं घोरावं म्हणजे कमाल. ते बाबांच्या पलंगाखाली झोपायचं, आणि बायको म्हणायची, "बघा, घरात सगळ्यात जास्त काम तुम्ही करता आणि सगळ्यात जास्त ते दमतं."

अकराव्या दिवशी दुपारी सव्वातीनला ते पलंगाखालून बाहेर आलं, खोलीच्या मधोमध उभं राहिलं आणि त्याने मान डावीकडे वाकडी केली. कुत्री तशी मान करतातच. मला हसू आलं. पण मान सरळ झाली नाही. ते त्या वाकड्या मानेनेच हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. मी हाक मारली. त्याने ऐकलं नाही. वीसेक मिनिटांनी थांबलं, पाणी प्यायलं आणि झोपलं. पुढचे तीन दिवस, त्याच वेळी, तेच.

२

"कारणं पुष्कळ असू शकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या गल्लीपासून दोन चौक पुढे त्यांचा प्राण्यांचा दवाखाना आहे. बाई बोलायला रोखठोक, पण बटणला त्यांनी ज्या हाताने उचललं तो हात पाहिल्यावर माझा जीव भांड्यात पडला. "कानाच्या आत सूज. रक्तातली साखर कमी होणं. यकृतात जन्मजात दोष असेल तर जेवणानंतर असं होतं. डोक्यात पाणी साठणं. विषाणूचा ताप. किंवा त्याने काही चाटलं असेल, जुना रंग, उंदराचं औषध, बॅटरी. घरी सगळीकडे शोधा."

त्यांनी कान पाहिले, डोळ्यांत उजेड टाकला, पंजे उलटे करून ठेवले. बटणने प्रत्येक पंजा लगेच सरळ केला. मग त्यांनी त्याला जमिनीवर सोडलं. घड्याळात साडेतीन व्हायला आले होते. बटण चार पावलं चाललं, थांबलं, आणि मान वाकडी करून फिरायला लागलं.

"डावीकडे फिरतं म्हणालात ना?" बाईंनी विचारलं.

"हो. रोज डावीकडेच."

"आत्ता उजवीकडे फिरतंय."

आम्ही दोघे बघत राहिलो. बाईंनी त्याला उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. ते पूर्ण वळलं आणि पुन्हा त्याच बाजूला, दवाखान्याच्या दाराच्या दिशेने, मान लावून उभं राहिलं. ज्या दिशेला आमचं घर आहे, त्या दिशेने. ते माझ्या लक्षात आलं, पण मी बोललो नाही. धंद्याची खोड आहे मला, कुठेही गेलो तरी दिशा डोक्यात असतात.

"हे बरोबर नाही," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "मेंदूच्या एका बाजूला काही बिघडलं तर प्राणी एकाच बाजूला फिरतो. आजाराला शरीराची डावी-उजवी कळते. खोली बदलली म्हणून तो बाजू बदलत नाही."

रक्त घेतलं, हिरड्यांना मध चोळायला सांगितला, झटका आला तर तोंडात हात घालू नका आणि घड्याळ बघा, असंही बजावलं. परत येताना बटण माझ्या कोटाच्या खिशात झोपलं. त्याचं पोट माझ्या बरगड्यांना गरम लागत होतं. मला मूलबाळ नाही, त्यामुळे हे जे काही वाटत होतं त्याची मला सवय नव्हती. मी फार भ्यालो होतो.

३

घरी शोध शोध शोधलं. कपाटांखाली, मोरीत, जिन्याखाली. बॅटरी नाही, विष नाही. मग मी मला जे येतं ते केलं.

दोन ठिकाणांहून एकाच वस्तूकडे पाहिलं, की त्या दोन नजरांच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ती वस्तू असते. आमच्या अख्ख्या धंद्याचं भांडवल एवढंच. मी घराचा नकाशा मोठ्या कागदावर काढला. बटण जेव्हा जेव्हा मान वाकडी करून थबकायचं, तेव्हा त्याच्या चारही पायांची जागा खडूने जमिनीवर खुणवायची, नाकाच्या रोखाने दोरी ताणायची, आणि ती रेषा कागदावर घ्यायची. सहा दिवसांत एकतीस रेषा झाल्या. ते काहीतरी हुंगत असेल, भिंतीतून येणारा काही वास, काही आवाज. जागा सापडली की कारण सापडेल, आणि कारण सापडलं की औषध.

रेषा एका बिंदूत मिळाल्या नाहीत. पण मिळत नाहीतच. जमीन मोजतानाही तीन रेषा काढल्या की मध्ये छोटासा त्रिकोण राहतो. हात हलतो, डोळा चुकतो, दोरी सैल पडते. ऑफिसात पहिल्याच वर्षी शिकवतात, चूक सगळ्यांमध्ये सारखी वाटा आणि मधला बिंदू धरा. वीस वर्षं मी तेच करत आलोय. तसंच केलं. मधला बिंदू आला पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यातल्या बोळाच्या भिंतीत.

त्याच दिवशी बटणला पहिला झटका आला. तीन वाजून बत्तीस मिनिटांनी ते कोसळलं, पाय हवेत पळायला लागले, तोंडाला फेस आला. मी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि घड्याळ बघत बसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पावणेदोन मिनिटं. नंतर ते उठलं, माझ्या हाताला नाक लावलं आणि पलंगाखाली गेलं.

४

भिंत मी रविवारी फोडली. आधी रंग खरवडून डॉक्टरीणबाईंकडे दिला, मग छिन्नी घेतली. बायको बाबांच्या अंगावर चादर ओढून, त्यांच्या तोंडावर धूळ जाऊ नये म्हणून ओला रुमाल धरून बसली होती. मधूनमधून ती माझ्याकडे बघायची. आत विटा होत्या. विटांमागे विटाच होत्या.

"सापडलं काही?"

"नाही."

"मग आता पलीकडची भिंत, नंतर छप्पर," ती म्हणाली. पण म्हणताना ती माझ्या केसांतला चुना झटकत होती.

रक्ताचे अहवाल चांगले आले. रंगात शिसं नव्हतं. कान, साखर, यकृत, सगळं ठीक. "'कारण सापडलं नाही' याला आमच्याकडे एक भारदस्त नाव आहे," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "पण इतक्या लहान पिल्लाला ते नाव द्यायला मला आवडत नाही. थोडे दिवस बघू. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर मात्र मेंदूला सूज येते आणि मग माझ्या हातात काही राहत नाही. त्याआधी औषध सुरू करावं लागेल."

संध्याकाळी बायको माझ्या नकाशावर वाकली. ती रोज शेकडो पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारते. तिने एकतीस रेषांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यांच्यावर वेळ कुठे आहे?"

"वहीत आहे. नकाशावर कशाला?"

"कधी बघितलं ते नको लिहायला?"

"भिंत काय चालत जाते?" मी म्हणालो.

तिने वही उघडून नकाशाशेजारी ठेवली.

५

मोजणीदाराकडूनच होईल अशी ही चूक होती. आम्ही ज्याच्याकडे बघतो ते हलत नाही. झाड, खांब, देवडी, डोंगराचं टोक. ते हलत नाही हे आम्ही तपासत नाही, ते गृहीतच असतं. रेषा जुळल्या नाहीत तर चूक आमच्या हाताची.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. या वेळी तीन वाजून सोळा मिनिटांच्या सगळ्या रेषा एकत्र घेतल्या, सोमवारची स्वयंपाकघरातून, मंगळवारची बोळातून, शुक्रवारची टेबलाखालून. तिन्ही एका बिंदूत मिळाल्या. त्रिकोण नाही, काही नाही. सुईच्या टोकाएवढा बिंदू. वीस वर्षांत माझ्या रेषा इतक्या स्वच्छ कधी मिळाल्या नव्हत्या.

तीन सोळाचा बिंदू बाबांच्या पलंगाच्या कडेला होता. तीन अठराचा बोळात, बेसिनपाशी. पुढच्या दोन मिनिटांच्या रेषाही तिथेच. तीन वीसनंतर पुढच्या दाराजवळ, जिथे खाली चपला असतात. तीन चोवीसला अंगणात. तीन सव्वीसला फाटक.

मी पेन्सिल खाली ठेवली.

बाबा पाणीपुरवठ्यात होते. गावाच्या आमच्या भागाचं पाणी सोडणं आणि बंद करणं हे त्यांचं काम. चाळीस वर्षं, रोज दुपारी साडेतीनच्या सुमाराला, कोपऱ्यावरचं झाकण उचलून खालची चावी फिरवायची आणि तिथून पुढच्या सात झाकणांची फेरी. त्यासाठी सव्वातीनला उठायचे. बेसिनशी जाऊन तोंड धुवायचे, दोन मिनिटं, कधी कमी नाही की जास्त नाही. मग चपला, अंगण, फाटक. शाळेला सुट्टी असली की मी खिडकीतून बघायचो. त्यांचं डावं पाऊल किंचित आखूड पडायचं. लहानपणी मी त्यांचं पाऊल पट्टीने मोजलं होतं. माझी पहिली मोजणी तीच.

पलंगाकडे पाहिलं. बाबा होते तिथेच होते. तोंड थोडं उघडं, डोळे मिटलेले, चादर छातीपर्यंत.

६

मी माझ्या मनाला पुष्कळ समजावलं. घरात दोन घड्याळं एकाच वेळी टोले देतात, म्हणून एक घड्याळ दुसऱ्याला चालवतं असं होत नाही. पिल्लाला दुपारी त्रास होतो आणि बाबांना दुपारी उठायची सवय होती, बस. रेषा मीच ओढल्या होत्या, दोरी मीच ताणली होती. माणसाला जे हवं असतं तिकडे त्याचा हात वळतो. आणि बाबा उठून चालावेत हे मला हवं होतं, हे काय मला सांगायला हवं?

पण आकडे मला ओळखतात आणि मी आकड्यांना. पहिला झटका तीन बत्तीसला, पावणेदोन मिनिटं. दुसरा तीन छत्तीसला, तीन मिनिटं. तिसरा तीन एकेचाळीसला, साडेचार मिनिटांच्या वर दहा सेकंद. बाबांच्या पावलाने फाटकातून निघालं, तर तीन बत्तीसला कोपऱ्याच्या झाकणापाशी पोचता येतं. तीन छत्तीसला दुसऱ्या झाकणाशी. तीन एकेचाळीसला मोठ्या रस्त्याच्या वळणापाशी, जिथून पुढे आमचं घर दिसत नाही.

तिसऱ्या झटक्याआधी मी बटणकडे नीट पाहिलं. ते नुसतं फिरत नव्हतं. चार पावलं दाराकडे जायचं आणि मागे सरायचं, पुन्हा जायचं, मागे सरायचं, पंजे फरशीत रोवून. दाव्याला ओढ बसल्यावर जनावर जसं पाय रोवतं तसं. ओढणारं मात्र कुणी नव्हतं. घशातून बारीक आवाज येत होता, ते ओरडणं नव्हतं, लहान मूल जड वस्तू उचलताना करतं तसा आवाज होता. मग ते कोसळलं.

मी त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसलो, आणि का कोण जाणे, हात वर करून बाबांच्या छातीवर ठेवला. छाती हलत नव्हती. मी मोजलं. वीस सेकंदांत एक श्वास. पुढच्या वीस सेकंदांत एक. त्यांचे पाय बर्फासारखे गार पडले होते. बटणचे पाय थांबले, त्याने एक मोठा श्वास घेतला, आणि त्याच क्षणी पलंगावर बाबांनीही घेतला. नंतर दोघेही नीट श्वास घ्यायला लागले. बाबा घामाघूम होते, बटणची जीभ बाहेर लोंबत होती. त्या एवढ्याशा पिल्लाला छातीशी धरून मी रडलो.

७

बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. तिने दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, वही पाहिली, आणि चहा करायला उठली. विचार करायचा असला की ती चहा करते.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या. रोज दोनदा पाव गोळी. "सुरुवातीला झोपाळू होईल," त्या म्हणाल्या होत्या. "आजूबाजूचं भान कमी होईल. घाबरू नका. झटके थांबतील, ते महत्त्वाचं. उद्या पुढचा झटका आला तर तो पाच मिनिटांच्या वर जाणार, हे मी कागदावर लिहून देते."

गोळी माझ्या तळहातावर होती. डाळीएवढी.

"भान कमी झालं तर ते बघणार नाही," मी म्हणालो. "आणि त्याने बघितलं नाही तर बाबांना..."

"पूर्ण बोला."

"बाबांना परत कोण आणणार?"

ती कप घेऊन माझ्यासमोर बसली. "अहो, ते तीन महिन्यांचं पिल्लू आहे. त्याचं वजन बाबांच्या एका चपलेइतकं. आठ महिने आपण दोघं धडधाकट माणसं या घरात आहोत, आणि बाबांना धरून ठेवायचं काम त्याच्यावर टाकायचं?"

मी म्हणालो, हे सगळं खरं असेल तरच ना. ती म्हणाली, खरं नसेल तर मग प्रश्नच नाही, मुकाट्याने गोळी द्या. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी गोळी लोण्यात घोळवली आणि बटणने ती माझं बोट चाटून पुसून खाल्ली.

८

दुसऱ्या दिवशी तीन वाजता बटण पलंगाखाली गाढ झोपलेलं होतं. घोरतसुद्धा नव्हतं. बायको वाचनालयात. मी बाबांच्या छातीवर हात ठेवून बसलो.

तीन सोळाला काही झालं नाही. मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं वाईटही. तीन वीसला मिनिटाला बारा श्वास. तीन सव्वीसला आठ. मी हाक मारली, गालावर थोपटलं. तीन बत्तीसला पाच. बाबा कुठे आहेत ते आता मला कळत नव्हतं. दाखवणारं झोपलं होतं.

मी चपला न घालता धावलो. फाटक, कोपऱ्यावरचं झाकण, दुसरं झाकण, मोठ्या रस्त्याचं वळण. भर दुपार. एक किल्ल्या बनवणारा आपल्या टपरीत कानस घासत होता, तो थांबून माझ्या पायांकडे बघायला लागला. रस्ता रिकामा होता. "बाबा," मी म्हटलं. मग मोठ्याने म्हटलं, "बाबा, चला घरी." गेल्या तीस वर्षांत मी त्यांना रस्त्यावर हाक मारली नव्हती. शेवटची मारली तेव्हा बहुधा मला सायकल हवी होती.

मी डावा हात कोपरात वाकवून पुढे धरला, म्हाताऱ्या माणसाला आधाराला धरायला देतात तसा, आणि परत फिरलो. हळूहळू, त्यांच्या पावलाने, डावं जरा आखूड. किल्लीवाला बघत होता तर बघत होता. हातावर वजन नव्हतं. पण दुसऱ्या झाकणाशी माझे पाय आपोआप थांबले, आणि कोपऱ्यावरच्या झाकणाशीही, आणि मी त्यांना थांबवलं नव्हतं.

दारातून आत आलो. पलंगाखाली बटण डोळे मिटून, औषधाच्या झोपेत, शेपटी फरशीवर आपटत होतं. टप, टप. मग थांबलं.

बाबांनी श्वास घेतला. मग दुसरा. त्यांचे डोळे उघडले. कित्येक आठवड्यांनी मी त्यांचे डोळे पूर्ण उघडे पाहिले. मी त्यांच्यावर वाकलो, मला वाटलं ते माझ्याकडे बघतील. त्यांनी माझ्या खांद्यावरून उघड्या दाराकडे बघितलं, फार वेळ. डाव्या डोळ्यातून एक थेंब कानाकडे ओघळला.

संध्याकाळी मी बायकोला फुशारकीने सांगितलं, की आणलं त्यांना परत. वळणापासून आणलं.

ती बाबांचे पाय तेलाने चोळत होती. तिने वर पाहिलं नाही. "त्यांना विचारलंत?" ती म्हणाली.

९

रविवारी सकाळी विचारलं. त्यांची दाढी केली, सदरा बदलला, उशीशी बसलो. बटण गुंगीतच होतं, पण आता पलंगावर त्यांच्या डाव्या हाताशी बसायला चढलं होतं. मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला जायचंय का? हो असेल तर बोट हलवा." त्यांची दोन्ही बोटं बटणच्या कानामागे हलली. ती रोजच कधीतरी हलतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

"मी येतो तुमच्याबरोबर," मी म्हणालो. "वळणापर्यंत."

तीन सोळाला मी पलंगाच्या कडेला उभा राहिलो, डावा हात वाकवून. बायको त्यांच्या छातीवर हात ठेवून बसली. तिने दुसऱ्या हाताने माझ्या सदऱ्याची कॉलर नीट केली. बोळात बेसिनपाशी मी दोन मिनिटं थांबलो. नळ सोडला, का ते माहीत नाही, आणि बंद केला. दाराशी चपला घातल्या. तीन चोवीसला अंगण, तीन सव्वीसला फाटक. कोपऱ्यावरच्या झाकणापाशी थांबलो, दुसऱ्याशी थांबलो. वाटेत मी बोलत होतो. माझं काम, फोडलेली भिंत, मोठ्या पुलाची मोजणी मला मिळता मिळता कशी राहिली ते. त्यांना झटका आला तेव्हा मी दूर कामावर होतो आणि फोन उचलला नव्हता, तेही बोललो. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तीन एकेचाळीसला वळण आलं.

"बाबा, पुढचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "माझी मोजणी इथपर्यंतच."

हात हलका झाला, वारा आला, असं काहीतरी लिहायचा मोह होतोय. पण तसं काही झालं नाही. एक ट्रक गेला. मी हात खाली सोडला, आणि मागे न बघता घराकडे निघालो. पावलं आता माझी होती, लांब आणि सारखी.

बायको दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. "तीन एकेचाळीस," ती म्हणाली. "अगदी शांतपणे गेले हो. बटणच्या अंगावर हात होता." मी उंबऱ्यातच थांबलो. तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि आम्ही तसेच उभे राहिलो.

मग पंजांचा आवाज आला. बटण पलंगावरून उतरलं होतं. मान सरळ होती. कित्येक दिवसांनी त्याची मान सरळ होती, डोळे स्वच्छ होते. ते खोली ओलांडून एका सरळ रेषेत दारापर्यंत चालत आलं, एकदाही न वळता, न अडखळता. ते जगणार, हे मला त्या चालण्यावरूनच कळलं. मी खाली वाकून हात पुढे केला.

ते माझ्याकडे आलं नाही. माझ्या डाव्या हाताला, एक पाऊल अलीकडे बसलं, आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान वर करून बघायला लागलं. माणसाच्या चेहऱ्याइतकं उंच. शेपटी जोरजोरात हलत होती.

बायकोने माझा दंड घट्ट धरला. ती पलंगावरच्या बाबांकडे बघत होती, आणि मी बटणकडे.

मी दारातून जरा बाजूला सरकलो, आत यायला वाट दिली.